झुडपाच्या पानातलं निकेल

खाणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. दगड कुटायचा, दळायचा, पिठासारखा चाळायचा आणि पुड्या बांधून आत मॅडमकडे द्यायच्या, हे तिचं एकवीस वर्षांचं काम. मॅडम म्हणजे तिथल्या रसायनतज्ज्ञ. वयानं तिच्या लेकीएवढ्या, पण बोलणं सासूसारखं.

खाणीमागे टाकाऊ मातीचा भलामोठा ढीग होता. कंपनीनं तिथे तीनदा झाडं लावली, तिन्ही वेळा त्यांनी महिन्याभरात माना टाकल्या. मातीत निकेल भरमसाट, झाडाला ते विषच, असं मॅडम सांगायच्या. चाळणीबाईची घरची वाट त्या ढिगाच्या कडेनं जायची. तिथे गुडघाभर उंचीचं, जाड पानांचं एक झुडूप मात्र मजेत वाढत होतं. पानाला एक भोक नाही! किडेसुद्धा त्याच्या वाटेला जात नव्हते.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं त्याचं पान खुडलं आणि बोटांत चुरडत, वास घेत आत आली. टेबलावर निकेल ओळखायचे, औषध लावलेले कागद पडले होते. चुकून त्यातल्या एकावर तिचा अंगठा टेकला, आणि कागद गुलाबी झाला. गुलाबी कसला, कापलेल्या बीटासारखा लालभडक!

"मॅडम! अहो, आधी इकडे या!"

"काय झालं? भाजलं का कुठे?"

"पानात निकेल आहे!"

मॅडमनी कागद पाहिला, मग तिचे हात पाहिले. "बाई, दिवसभर दगडाच्या पिठात हात तुमचे. ती धूळ लागली असेल."

म्हणणं रास्त होतं, तरी चाळणीबाईच्या डोक्यात तिडीक गेली. कोपरापर्यंत हात घासून ती तडक ढिगावर गेली. झुडपाची डहाळी घेतली, शेजारच्या खुरट्या गवताची मूठही घेतली. दोन्ही तीन-तीन पाण्यांनी धुतली आणि मॅडमसमोर ठेवली.

"आता तुमच्याच हातानं दाबा. माझं बोट लागायला नको."

मॅडमनी आधी गवत दाबलं. कागद पांढरा तो पांढराच. मग पान दाबलं. बघता बघता लाल डाग पसरला.

"अगं बाई!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "दुसरं पान द्या. देठ द्या! आणखी कागद कुठेत?"

डबीतले कागद संपेपर्यंत दोघी थांबल्या नाहीत. हे झुडूप मातीतलं निकेल मुळांनी ओढून पानांत साठवतं, म्हणून किडे त्याला तोंड लावत नसावेत, हे मॅडम एका दमात सांगून गेल्या.

चाळणीबाईनं घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खाणीतला जुना ड्रिलवाला. "आम्ही जन्मभर भोकं पाडत बसलो आणि ते झुडूप बसल्या जागी वर काढतं? बरं झालं निवृत्त झालो. नाहीतर कंपनीनं माझ्या जागी झुडूप नेमलं असतं!"

मोठ्या यंत्रावरच्या तपासणीनं शिक्कामोर्तब केलं: शंभर ग्रॅम वाळक्या पानांत ग्रॅमभर निकेल. या झुडपानं माती साफ होते का, हे बघायला कंपनीनं ढिगावरचा एक तुकडा दिला. चाळणीबाईनं बी गोळा केलं, नमुन्यांच्या जुन्या ट्रेमध्ये रोपं केली. बागेतल्या चांगल्या मातीत वाढवलेली रोपं ढिगावर नेली की कोमेजायची. मग तिनं पहिल्या दिवसापासून ढिगाचीच माती वापरली, तेव्हा कुठे ती तगली. दरवर्षी कापणी व्हायची, पाला जाळून राख आत जायची, राखेतून निकेल निघायचं.

चौथ्या कापणीनंतर त्या तुकड्यातली माती तिनंच चाळली आणि पुडी मॅडमकडे देऊन दारातच उभी राहिली. मॅडमनी आकडा वाचला.

"मातीतलं निकेल पहिल्यापेक्षा कमी आहे. फार नाही, बाई, पण कमी आहे."

"परत वाचा."

मॅडमनी परत वाचला. चाळणीबाईनं तो तिसऱ्यांदा वाचून घेतला आणि मग, वय-बिय विसरून, मॅडमना कडकडून मिठी मारली. मॅडमच्या पांढऱ्या कोटावर मातीचे दोन पंजे उमटले.