जुम्म्याची थाळी

युसुफभाई मंडणगडचे, दोह्यात बावीस वर्षं एकाच कंपनीत स्टोअरकीपर. अल सद्द भागातल्या कंपनीच्या फ्लॅटमध्ये आम्ही सहा कोकणी माणसं राहतो आणि जुम्म्याच्या नमाजानंतर एकाच मोठ्या थाळीत जेवतो. मटण-भात युसुफभाईच शिजवायचे.

मार्चमध्ये गोदामातून तांब्याच्या केबलची चार रिळं चोरीला गेली. रजिस्टरमध्ये शेवटची सही युसुफभाईंची, म्हणून पोलिसांनी त्यांनाच नेलं. अकरा दिवस कोठडीत काढले. शेवटी कोर्टाने संशयाचा फायदा देऊन सोडलं. किल्ल्या दोघांकडे होत्या, तेव्हा चोरी यांनीच केली असं खात्रीने म्हणता येत नाही, असं निकालात लिहिलं होतं.

त्यांनी निकालाचं हिंदी भाषांतर करून आणलं आणि फ्रिजवर चिकटवलं. एकानेही वाचलं नाही. पुढच्या जुम्म्याला त्यांच्यासमोर वेगळी प्लेट आली. तोंडावर बोलायची हिंमत कुणात नव्हती, आमच्यात ती कधीच नसते.

"कोर्टाला खात्री नाही, मग तुम्हाला कशी?" युसुफभाईंनी विचारलं. ते थाळीकडे सरकले. "एक घास तरी इथून घेऊ द्या."

शेजारच्या मुदस्सिरने थाळी आपल्याकडे ओढली. बावन्न वर्षांचा माणूस हात पुढे करून तसाच बसून राहिला.

गोदामाची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. मी मान खाली घालून त्याच थाळीत जेवत होतो.