तांबडा रस्सा बेपत्ता

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं आणि मग स्वतःचा थोडा रागही येतो. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. नाव कुणाचंच सांगणार नाही. त्यातली पोरं आता बायकामुलांची झाली आहेत, त्यांची अब्रू राहू द्या.

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारे एक गृहस्थ सकाळी बायकोसह ठाण्यात आले. नववीतला मुलगा आदल्या दिवसापासून घरी नव्हता. घरात काही झालं का, असं विचारलं तर गृहस्थ बायकोकडं बघू लागले. शेवटी बाईच म्हणाल्या, "सायेब, ह्यांनी कीबोर्ड डब्याच्या पिशवीत घालून कामावर न्हेला." पोरगा सारखा गेम खेळतो म्हणून हे आठवडाभर घरच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड भाकरीसोबत रोज फाउंड्रीत नेत होते. हसू दाबायला मला मिसिंगच्या रजिस्टरात डोकं घालावं लागलं. समोर त्या माउलीचे डोळे रडून सुजले होते. पोरानं मुंबईची गाडी पकडली असेल तर तो सापडणं कठीण, हे मला कळत होतं आणि तिलाही.

"मित्र कोण?" मी विचारलं.

"त्येला मित्रच न्हाईत. घरातनं भाईर पडंल तर शपथ," वडील म्हणाले. "घावू दे नुसता, तंगडंच मोडतो."

मी वायरलेसवर संदेश दिला, एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर फोटो घेऊन माणसं पाठवली. काहीच हाती लागलं नाही. दुपारी मंगळवार पेठेतला एक नेट कॅफेवाला आपणहून ठाण्यात आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सायेब, माझ्याकडची पोरं कुजबुजत्यात. तांबडा रस्सा पळालाय म्हणं."

हे काय प्रकरण आहे ते समजायला मला दोन चहा लागले. त्या वेळच्या एका सोशल साइटवर शहरातल्या गेमवेड्या पोरांनी एक ग्रुप काढला होता. चाळीसच्या वर पोरं, सगळी टोपणनावानं. आमचा हरवलेला मुलगा तिथं 'तांबडा रस्सा' होता आणि लढाईच्या गेममध्ये त्याला कुणी हरवू शकत नव्हतं. ज्याला एकही मित्र नाही असं बापानं लिहून दिलं होतं, त्याच्याशी खेळायला चाळीस पोरं शाळेतून सुटली की कॅफेत धावत होती.

त्यातल्या तिघांना पालकांसह बोलावलं. घरफोडीच्या आरोपींना विचारावं तसं मी एकेकाला वेगळं बसवून विचारलं. तोंड उघडायला कुणी तयार नाही. 'रंकाळा किंग' नावाच्या चष्मेवाल्या पोराला मी दरडावलं, "लॉकअप बघितलंयस का?"

"न्हाय सर," तो उत्सुकतेनं म्हणाला. "बघू का?"

पोलिसांची भीती त्याला नव्हतीच. भीती होती ती ग्रुपमधून नाव कापलं जाण्याची. त्याच्या आईनं डोळे वटारले तेव्हा एवढंच बाहेर आलं, की तांबड्या रश्शानं सकाळीच ग्रुपवर लिहिलं होतं, 'मी बरा हाय. घरी सांगू नका.' कुठून लिहिलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आमचा हवालदार जुना तालमीतला गडी, कान मोडलेले. तो इतका वेळ दाराशी उभा राहून ऐकत होता. त्यानं पोराला एकच प्रश्न विचारला, "त्यानं कधी कुणाची लढत टाळलीया?"

"कधीच न्हाय, काका. सगळ्यांसमोर आव्हान दिलं आणि आला न्हाय, तर तो हरला असा आमचा नियम हाय."

"मग कुस्तीगत जोड लावा की सायेब," हवालदार मला म्हणाला. "पैलवान घर सोडंल, जोड सोडायचा न्हाय."

माझा विश्वास नव्हता, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. रंकाळा किंगनं आव्हान टाकलं: उद्या दुपारी दोन.

दुसऱ्या दिवशी दोनला दोन मिनिटं कमी असताना तांबडा रस्सा गेमवर हजर झाला. मंगळवार पेठेतल्या कॅफेत आम्ही सगळे रंकाळा किंगच्या खुर्चीमागे गर्दी करून उभे. आम्ही सांगितल्याप्रमाणे त्यानं टाइप केलं, 'जेवलास का?' उत्तर आलं, 'नदीत अंघोळ, देवळात पंगत. आज तुझं काय खरं न्हाय.'

हवालदारानं मांडीवर थाप मारली. "दत्ताची वाडी! नृसिंहवाडी, सायेब!"

हवालदाराला कॅफेत ठेवलं, वडिलांना जीपमध्ये घातलं आणि निघालो. रंकाळा किंगला बजावलं, की डावावर डाव खेळत राहायचं, त्याला उठू द्यायचं नाही आणि हरवायचंही नाही. हरला की तो चिडून उठणार. अर्ध्या वाटेत हवालदाराचा फोन आला. "सायेब, आपलं पोरगं वरचढ झालंय! जिकू द्यावं का?"

"अजिबात नाही!"

फोनमध्ये त्याच्या मागून रडवेला आवाज आला, "सर, एकदाच! परत असा चान्स यायचा न्हाय की!"

सगळ्या नोकरीत इतका निर्दय हुकूम मी दिला नसेल. पोरानं तो पाळला, त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

देवळाच्या रस्त्यावर एकच नेट कॅफे होता. आत गेलो तर मुलगा पाठमोरा बसलेला, मळका शर्ट, बोटं भराभर चाललेली. वडिलांनी हात उगारला. चाहूल लागून, कॅफेवाला आला असं समजून पोरगा मागं न बघताच म्हणाला, "काका, पाच मिन्टं. मग उठतो."

तो हात तसाच वर राहिला, मग हळूहळू खाली आला. वडील पडद्याकडं बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी मला हळूच विचारलं, "ह्यातला आमचा कुठला?"

मी बोटानं दाखवला. त्यानंतर त्यांनी त्याच्यावरची नजर काढली नाही. डाव संपला. "जिकलास की रं," ते म्हणाले. पोरगा दचकून वळला, बापाला बघून आधी डोक्यावर हात घेतले आणि मग त्यांच्या पोटात तोंड खुपसून रडायला लागला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर मूल हरवल्याची तक्रार आली, की ते कुठं जाईल हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, त्याची वाट कोण बघत असेल? आईबापांना याचं उत्तर क्वचितच देता यायचं.

त्या संध्याकाळी घरी गेलो. माझाही मुलगा तेव्हा नववीतच, कॉम्प्युटरपुढं बसलेला. मी खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "कुणाबरोबर खेळतोयस रे?"

त्यानं माझ्या गणवेशाकडं बघितलं आणि घाबरून विचारलं, "पप्पा, कुणी तक्रार दिलीय का माझी?"