गाऱ्हाणं घालणारी कुठे बघते

माझ्या आईच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत. ती लहान असताना जत्रेत कुणीतरी टोचून दिलेले, आता हिरवट पडलेले. तिचे दोन्ही तळवे काळे आहेत, कारण ती काजूच्या कारखान्यात बी फोडते आणि टरफलाचा चीक कातडीत जिरतो. साबणाने जात नाही, खोबरेल तेलानेही जात नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी एका कॉमिकची नायिका काढायला घेतली, तेव्हा तिला मी हेच दिलं. हनुवटीवर तीन ठिपके आणि काळे तळवे. त्या तळव्यांनी ती पेटता निखाराही उचलू शकायची. खाडीतली वाळू चोरून उपसणाऱ्यांशी ती लढायची.

हे लिहिताना मला संकोच वाटतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. मला जे वाटतं ते बरोबर की मीच गावंढळ, हे विचारायला घरी कुणी नाही, आणि कॉलेजात विचारायची लाज वाटते. तरी जे झालं ते सांगते.

आमचं गाव मसुऱ्यापासून आत आहे. मी एसटीने मालवणला कॉलेजला जाते. वर्गात मिठबावची एक मैत्रीण आहे. तिचा मामा जहाजावर नोकरीला. तो दर सुट्टीत कुठल्या कुठल्या बंदरांतून कॉमिक आणतो, सगळी अतिमानवी ताकद असलेल्यांची. तिच्याकडे त्यांची एक अख्खी पेटी भरली आहे. ती पेटी मी वर्षभरात वाचून काढली. इंग्रजी अडायचं, पण चित्रं अडत नाहीत. माणसाचं शरीर कसं काढायचं, उडी मारताना पाठ कशी वळते, हे मी त्याच पुस्तकांवर पातळ कागद ठेवून शिकले.

त्या पुस्तकांत मी देवाधर्माच्या बायका शोधायचे, कारण आमच्याकडे ताकद आणि देव या दोन गोष्टी वेगळ्या नसतात. तशा बायका सापडल्या. एकीच्या गळ्यात क्रॉस होता. तिची श्रद्धा किती खोल आहे हे सांगण्यासाठी चित्रकाराने तो क्रॉस अशा जागी लोंबत ठेवला होता, की वाचणाऱ्याची नजर तिथेच जावी. दुसरी डोक्यावरून रुमाल बांधणारी. ती तो रुमाल काढणार की नाही, यावरच पानामागून पान चाललं होतं. तिसरीच्या अंगात देवीची शक्ती यायची, आणि शक्ती आली की कपडे फाटायचे. फाटायचे तेही मोजूनमापून. त्याच पुस्तकांत एक पुरुष गुडघे टेकून प्रार्थना करतो. तो पाठीमागून दिसतो, रुंद खांदे, वरून खिडकीतला उजेड. तो काय मागतो ते आपण वाचतो. बाई काय मागते ते मला एकाही पानावर आठवत नाही.

मी सोवळी नाही, हेही सांगायला हवं. देवीसमोर हात जोडून मी एका मुलाचं नाव मनात घेतलेलं आहे. एकदाच नाही. त्यात देवीचा काही अपमान झाला असं मला वाटलं नाही. त्या पुस्तकांतल्या बायकांना मात्र कुणीच आवडत नव्हतं. त्या फक्त आवडून घ्यायला उभ्या होत्या, आणि त्यांचा देवही त्याच कामाला लावलेला होता. पेटी परत करताना मी मैत्रिणीला म्हटलं, "मला शिसारी आली."

ती हसली. "वर्षभर वाचलंस आणि आता शिसारी इली? मगे तूच काड एक."

म्हणून मी काढलं.

माझी नायिका लढायला जाण्याआधी गाऱ्हाणं घालते. आमच्याकडे कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. देवळात गुरव किंवा गावचा मानकरी देवासमोर उभा राहतो आणि मोठ्या आवाजात, सगळ्यांदेखत, कोण आलंय, काय मागतंय, काय अडलंय ते सांगतो. प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. हे काम पुरुषांचंच. माझी नायिका ते स्वतः घालते, एवढं धाडस मी कागदावर केलं. त्या पानावर ती देवीसमोर उभी आहे, पदर खोचलेला, काळे तळवे जोडलेले, आणि चेहरा आईचा.

बारा पानं झाली. मोबाइलवर फोटो काढून मी ती पुण्यातल्या कॉमिक काढणाऱ्या काही मंडळींना पाठवली. सोबत लांबलचक पत्र लिहिलं, तळवे काळे का असतात तेसुद्धा. आठ दिवसांत संपादकांचा फोन आला. त्यांना नायिका फार आवडली होती. पुस्तक छापायचं ठरत होतं.

आई त्याच सकाळी देवळात गेली, मला घेऊन. गुरवाने कौल लावला. म्हणजे देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं. उजवीकडची पाकळी आधी पडली. देवीचा होकार. आईने लगेच त्याला सांगून गाऱ्हाणं घालून घेतलं: माझ्या चेडवाचं, लेकीचं पुस्तक छापून येऊ दे, पहिलं पुस्तक तुझ्या पुढ्यात आणून ठेवीन. ती, मी आणि पायरीवर बसलेला एक म्हातारा, तिघांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं. आमच्याकडे असं बोललेलं परत घेता येत नाही. आणि चूक इथेच झाली. पुस्तकात काय असणार हे ठरायच्या आधीच आम्ही ते देवीला देऊन बसलो.

मग संपादकांचे निरोप यायला लागले. माणूस सभ्य होता, कधी आवाज चढवला नाही. "कॅरेक्टर भन्नाट आहे गं, फक्त थोडी बोल्ड कर. श्रद्धाळू आणि बोल्ड, असं मराठीत कुणी केलेलंच नाही." मग, "गाऱ्हाण्याचं पान कव्हरला घेऊ. पण देऊळ नको, खूप बंदिस्त वाटतं. खाडीत उभी कर. पाण्यातून वर येतेय, ओली, हात जोडलेले."

मी भीत भीत विचारलं, "सर, पण मग देवी कुठे दाखवायची?"

"देवी सजेस्ट होते ना. तीच देवी. आपण तिला एम्पॉवर करतोय."

वाटलं, पुण्याची माणसं, त्यांना कळत असेल. आणि खरं सांगायचं तर छापलेलं पुस्तक मला हवं होतं. एका रविवारी मी ते पान काढलं. हात अडला नाही, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. कंबर कुठे बारीक करायची, ओलं कापड कुठे चिकटवायचं, मान किती कलती ठेवायची, सगळं हाताला पाठ होतं. वर्षभर पातळ कागद ठेवून हेच तर गिरवलं होतं. शेवटी हनुवटीवर तीन ठिपके दिले आणि फोटो पाठवला.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "परफेक्ट! हेच कव्हर."

मी पान उलटं करून ठेवलं आणि विहिरीवर जाऊन हात धुतले. उगाच, शाई लागली नव्हती. कॉमिकची पेटी वाचून आलेली शिसारी दुसऱ्यांची होती, लांबची होती. ही माझ्या बोटांना होती.

त्यानंतर आई रोज विचारायची. कारखान्यातून येऊन पडवीत बसली, की तळव्यांना तेल चोळत म्हणायची, "पुस्तक कधी येतला गो? गुरव इचारी होतो."

"येईल."

"बायका पण इचारतत. म्हणतत, आमची पण तोंडा काडूक सांग तिका." हे सांगताना ती लाजायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला ते सोसेना. मी पान आणून तिच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "आये, पुस्तकावर ह्या येतला."

तिने पान हातात घेतलं नाही. तळव्यांना तेल होतं. वाकून बघत राहिली. मी वाट बघत होते, की ती ओरडेल, तोंडाला पदर लावेल, लाज सोडलंस म्हणेल.

"ह्या माझा तोंड," ती म्हणाली.

"व्हय."

"आंग माझा नाय." आणि हसली. "माझा आसता तर बापूस तुझो मुंबैक गेलोच नसतो."

मला हसू येईना. ती पुन्हा वाकली.

"आंग दिसता त्याचा माका काय नाय. भाताच्या लावणीक आमी काय आंगभर गुंडाळून उतरतंव? पण ही हात जोडून उबी आसा ना? मगे देवी खंय आसा?"

तिने हनुवटीने पानाकडे खूण केली.

"ही बघता खंय, सांग माका. हिचा तोंड देवीकडे नाय. गाऱ्हाणा घालताना कोण असा मागे वळान बघता? ही बघता कोणाकडे?"

मी पान बघितलं. ती वाचणाऱ्याकडे बघत होती. मान कलती करून, ओठ किंचित उघडे ठेवून, जो कुणी पुस्तक विकत घेईल त्याच्याकडे. मीच तसं काढलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. कंबर, कापड, पाणी यांचाच विचार करून मी लाजत होते.

"ह्या मी देवीच्या पुढ्यात कसा ठेवू?" आईने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं. बोललेलं तर पाळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या जिन्याखालून मी संपादकांना फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, तरी अडखळले. म्हटलं, देऊळ राहू दे, ती देवीकडेच बघू दे, नाहीतर मला छापायचं नाही.

"अगं, पण मग वाचक तिच्याशी कनेक्ट कसा होणार?"

"तो तिच्या मागे उभा राहील, सर. बाकीचे राहतात तसा."

मग म्हणाले, "बघ, तू लहान आहेस. धर्माचं दडपण असतं, समजू शकतो. पण आयडिया चांगली आहे, आम्ही दुसऱ्या आर्टिस्टकडून करून घेऊ. तुझे ते ठिपके काढून टाकू, काळजी करू नकोस."

कुणाचं दडपण? मी देवी ठेवा म्हणत होते, आणि तेही तिच्या भीतीने नाही. पण हे मला नंतर सुचलं, एसटीत.

घरी येऊन मी ते पान चुलीत घालायला गेले. आईने मनगट धरलं. "माझ्या तोंडाक आग लावतंस मेले?"

मग मी कात्रीने चेहरा कापून घेतला आणि उरलेलं जाळलं. चेहऱ्याचा तुकडा तिने आरशाच्या कडेत खोचला. डोळे अजून वळलेलेच आहेत त्याचे. केस विंचरताना मला तो नको वाटतो, पण काढायचं धाडस होत नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही माझी जुनी चित्रांची वही घेऊन देवळात गेलो. पहिली बारा पानं तिच्यात होती. गुरवाने वही उलटीपालटी केली. "छापलेला खंय आसा?"

"तिनाच नको म्हटल्यान," आई म्हणाली.

"मगे देवीक काय सांगू मी?"

"काय झाला ता सांग."

"माका काय म्हायती काय झाला?" गुरव माझ्याकडे वळला. "तूच सांग गो. कॉलेजात शिकतंस ना?"

मी उभी राहिले. चित्रात माझी नायिका किती सहज बोलली होती. मी सुरुवात केली ती निबंधासारखी. गुरव मधेच म्हणाला, "देवीक पुस्तकातला मराठी कळता, पण जरा सावकाश बोल." मग मी मालवणीत सांगितलं. छापून आणीन म्हटलं होतं, ते जमलं नाही. छापणाऱ्यांना तू नको होतीस. आधी मीच तुला काढून टाकलं होतं. हातानं चूक झाली. ही वही ठेवून घे.

"व्हय म्हाराजा!" आई म्हणाली. गुरवही म्हणाला, जरा उशिराने.

बोलत होते तेवढा वेळ मी पाषाणाकडे बघत होते. माझी ओढणी कुठे होती, उभी कशी होते, मागून कोण आलं, काही आठवत नाही.

पावसाळा संपता संपता मैत्रिणीने मोबाइलवर एक लिंक पाठवली. खाली काही लिहिलं नव्हतं. पुस्तक आलं होतं. खाडीच्या पाण्यातून एक बाई वर येत होती, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने काढलेली, ओली, हात जोडलेली, माझ्याकडे बघणारी. खाली लोकांनी लिहिलं होतं: देवी! आग! आणि आणखी जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. देवी शब्द त्यात प्रत्येक ओळीत होता.

चेहरा कुणा दुसरीचा होता. दिलेला शब्द त्यांनी पाळला होता, हनुवटी कोरी होती. मी ते आईला दाखवलं नाही. तळवे मात्र त्यांनी काळेच ठेवले होते.