फायनलच्या दिवशीचं तुळशीचं लग्न

बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल नेरुळला होती, आमच्या कामोठ्याच्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासावर, आणि मला तिकीट मिळालं नाही. हळहळत बसण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच ठरवलं, की ही मॅच पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत एका जागी बसून बघायची.

यात विशेष काय, असं पुरुषांना वाटेल. पण मी आजवर एकही मॅच अशी बघितलेली नव्हती. आमच्याकडे मॅच म्हणजे हॉलमध्ये सात-आठ पुरुष आणि ओट्याशी मी. ओरडा ऐकू आला की गॅस बारीक करायचा, पळत जायचं आणि रिप्ले बघायचा. मला क्रिकेट चांगलं कळतं, फक्त ते सगळं रिप्लेमधून कळलेलं आहे.

अडचण एकच होती. त्याच रविवारी तुळशीचं लग्न. आमच्या सोसायटीत ते आवारातल्या कट्ट्यावर सगळ्यांचं मिळून होतं आणि त्याची तयारी नऊ वर्षं माझ्याकडे आहे. मी कागद घेऊन बसले. मॅच तीनला सुरू, पहिली इनिंग साडेसहाच्या सुमारास संपणार, मग अर्धा-पाऊण तास मोकळा. त्या वेळात लग्न आरामात लागतं. गुरुजींकडून साडेसहाची वेळ पक्की करून घेतली. मंगलाष्टकं पाचच म्हणायची, हेही ठरवलं.

आणि दुपारी पाऊस आला. इथे पडतोय म्हणजे नेरुळलाही पडतोय, हे सांगायला टीव्हीची गरज नव्हती. मॅच पाचला सुरू झाली. म्हणजे साडेसहाला आपली बॅटिंग ऐन रंगात असणार. गुरुजींना फोन केला, तर त्यांना पुढे खांदेश्वरला आणखी चार तुळशी उरकायच्या होत्या. वेळ बदलणार नाही म्हणाले.

सोसायटीच्या ऑफिसात मोठा टीव्ही लावला होता. पुढच्या खुर्च्या आम्ही बायकांनी धरल्या, पुरुष मागे. आपल्या दोघी ओपनर उतरल्या आणि पहिल्या ओव्हरपासूनच असं वाटायला लागलं, की आज काहीतरी होणार. चौकार गेला की आम्ही टाळ्या वाजवत होतो, नंतर नंतर खुर्च्याच वाजवायला लागलो. शेजारच्या बिल्डिंगमधला आवाज आमच्याआधी यायचा, कारण त्यांचा टीव्ही आमच्यापेक्षा दोन सेकंद पुढे होता. त्यामुळे बॉल पडायच्या आत आम्हाला कळायचं, की हा सीमेपार जाणार. तरीही आम्ही तितक्याच ओरडत होतो. पन्नास झाले, पंचाहत्तर झाले, विकेट नाही.

सव्वासहाला नवऱ्याने मागून खांद्याला हात लावून घड्याळ दाखवलं. मी म्हटलं, "अहो, यंदाचं लग्न तुम्ही लोकांनी लावा. आम्ही मॅच बघतोय."

एवढ्या बायका असून एकही उठणार नाही का, असं त्यांनी विचारलं. एकही उठली नाही. मग सेक्रेटरी, खजिनदार आणि हे असे तिघे बाहेर गेले. जाताना सेक्रेटरींची मान टीव्हीकडेच होती.

दोन मिनिटांनी हे दारात. अंतरपाट कुठे आहे? कपाटात, वरच्या खणात, पिवळ्या पिशवीत. पुन्हा दारात. ऊस चार बाजूंना बांधायचे की दोन? चार. शंभर रन झाले, एकही विकेट नाही, आम्ही उभ्या राहून नाचलो, आणि हे पुन्हा दारात. कापूर सापडत नव्हता. कापूर त्यांच्या डोळ्यांसमोर असणार हे मला माहीत होतं आणि तो त्यांना दिसणार नाही हेही. नऊ वर्षांची सवय. मी उठले. दोन पावलं टाकली असतील, तोच खोलीतून वेगळाच आवाज आला. कीपरने कॅच घेतला होता. पन्नाशीला पाचच रन कमी असताना आपली ओपनर परत निघाली होती आणि मी ते नेहमीप्रमाणे रिप्लेमध्ये बघितलं.

तळमजल्यावरच्या मावशी इथल्या मूळ गावातल्या आणि वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांनी माझा हात धरून मला खुर्चीत बसवलं. "तुमी उठला आन् ती गेली. आता शेवटपर्यंत उठाचं नाय."

बाकीच्यांनी लगेच दुजोरा दिला. एकीने माझी पर्स खुर्चीखाली सरकवली, दुसरीने माझ्या नवऱ्याला सांगितलं, की आता यांना हाक मारायची नाही, सामना हातचा जाईल. यांनी ते पूर्ण गांभीर्याने ऐकलं. एका जागी बसून मॅच जिंकता येते यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. २०११ च्या फायनलला ते अख्खी संध्याकाळ एका पायावर दुसरा पाय टाकून बसले होते आणि चहा मी हातात नेऊन दिला होता.

माझा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही. पण त्या दिवशी मी तसं बोलले नाही.

बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली. आत दुसरी ओपनर बॉल उचलून मारत होती. एका षटकाराला आम्ही अशा ओरडलो, की बाहेरच्या पुरुषांनी अष्टकं संपायच्या आत अक्षता टाकल्या. आमच्या दाराच्या काचेवरही आल्या. थोड्या वेळाने यांनी चुरमुरे, आवळा आणि उसाचं कांडं माझ्या हातात आणून ठेवलं, जेवणाच्या वेळी ताटही आणलं. वरणात मीठ नव्हतं. मी मागितलं, ते घेऊन आले. दुसऱ्या इनिंगमध्ये समोरच्या टीमच्या चांगल्या बॅटरने शतक ठोकलं, तरी मी हलले नाही. आपल्या कॅप्टनने मागे पळत शेवटचा कॅच घेतला तो मी डोळ्यांनी, तिच्या हातात जाताना बघितला. रिप्ले लागला तेव्हा मी मावशींच्या गळ्यात होते आणि मला तो बघायची गरज नव्हती.

सगळ्या पांगल्यावर कट्ट्याशी गेले. ऊस तीनच बाजूंना होते. कापूर ताटात, समोर. कृष्णाचा गळा मोकळा आणि दोन्ही हार तुळशीला घातलेले. माझा हात पुढे गेला होता. मग ज्यांनी घातले ते सकाळी नीट करतील, असं ठरवून मी वर गेले.