दानातलं फरसाण

माझे सासरे राजाराम तायडे यांचा आयुष्यात कशावर भरवसा असेल, तर तो पिशवीच्या तळावर. आधी पिशवीचा तळ बघायचा आणि मग, वेळ उरलाच, तर माणसाकडे. भांडुपला तांब्याच्या तारांचा एक कारखाना होता. त्याच्या गेटवर त्यांनी एकतीस वर्षं तपासणी केली. पाळी सुटली की कामगार रांगेत यायचे आणि पप्पा एकेकाला डबा उघडायला लावायचे. भाताखाली तार, पोळीच्या गुंडाळीत तार, एकदा तर थर्मासच्या काचेमागे तार, हे सगळं ते अजून रंगवून सांगतात. साहेबाचा डबासुद्धा त्यांनी एकदा उघडायला लावला होता आणि साहेब दोन महिने त्यांच्याशी बोलत नव्हता. तोंडाकडे बघू नये, तोंड खोटं बोलतं, डबा बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली, तिथे आता टॉवर उभा आहे. पण पप्पा काही गेट सोडून घरी आले नाहीत, येताना गेटच घेऊन आले.

आम्ही घाटकोपरला पंतनगरात सातव्या मजल्यावर राहतो. पप्पा, सासूबाई म्हणजे सोनूबाई, ज्यांना मी आई म्हणते, माझा नवरा प्रबुद्ध आणि मी. प्रबुद्ध लिफ्ट दुरुस्त करतो आणि मी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. कोण पथ्य पाळतं आणि कोण नुसतं पाळतो म्हणून सांगतं, हे मला रिपोर्टवरून बसल्याजागी कळतं. घरातलं कळायला मात्र मला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत माझी जी शोभा झाली ती मी विसरणार नाही.

झालं असं, की मे महिन्यात आईंना नवी चप्पल चावली. उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला, फुटला, आणि भरायचं नाव घेईना. आईंना साखरेचा त्रास जुना. मीच रक्त काढून नेलं, तर तीन महिन्यांची साखर दहाच्या वर. डॉक्टरीणबाईंनी करंगळी दाबून बघितली आणि सरळ सांगितलं, की पावसाळा संपेपर्यंत साखर खाली आली नाही तर हे बोट काढावं लागेल, आणि एकदा बोटापासून सुरुवात झाली की पुढचं कोणी सांगू शकत नाही. मग त्यांनी विचारलं, संध्याकाळी काय खाता? आई म्हणाल्या, काही नाही, नुसता चहा. प्रबुद्धला हसू आवरलं नाही.

कारण आमच्या घरात संध्याकाळी पाच वाजले की पाकिटं फुटायची. केळ्याचे वेफर, लसूण शेव, भाकरवडी, मसाला शेंगदाणे, क्रीमची बिस्किटं. टीव्हीसमोर आई बसायच्या आणि मालिका संपेपर्यंत त्यांचा हात पाकीट ते तोंड असा चालू असायचा. त्यात भूक नव्हती. पाकीट रिकामं झालं तरी बोटं तळाशी चाचपडत राहायची. आणि एकट्या आईच असं नाही. प्रबुद्ध आल्या आल्या डबा उघडायचा, मी भाजी चिरताना मूठभर तोंडात टाकायचे, पप्पा तर रात्रीच्या भाकरीवरसुद्धा शेव घ्यायचे. आमच्या फ्रीजवर पाकिटांची एक टोपली होती आणि ती कधी रिकामी झालेली मी बघितली नाही.

पप्पांनी हे प्रकरण हातात घेतलं. आषाढ पौर्णिमेला, वर्षावास सुरू होतो त्या दिवशी, त्यांनी आम्हा सगळ्यांना पांढरे कपडे घालायला लावले आणि बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे ओळीत बसवलं. त्रिसरण झालं, पंचशील झालं, आणि मग पप्पांनी स्वतःचं सहावं शील जोडलं, ‘या घरात पाकीट येणार नाही आणि कोणी चोरून खाणार नाही.’ आम्ही त्यांच्यामागून म्हणालो. टोपली खाली कचऱ्यात गेली. मला वाटलं, बरं झालं. मला तेव्हा एवढं कळलं नाही, की आता कोणी शेवेची एक काडी खाल्ली तर ती नुसती शेव उरणार नव्हती. ती चोरी होणार होती, आणि वर खोटं बोलणंही.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. पप्पा सकाळी कचऱ्याची बादली वृत्तपत्रावर उलटी करून बघायचे. प्रबुद्धच्या शर्टाचे खिसे धुण्याआधी हुंगायचे. डब्यांच्या झाकणांना त्यांनी दोरे बांधले, त्यांच्या गाठी फक्त त्यांनाच कळायच्या. आणि संध्याकाळी पाचची वेळच घरातून उठवायची म्हणून त्यांनी एक खाशी युक्ती काढली. खाली आमच्या सोसायटीच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन असतं, वयस्कांसाठी संध्याकाळी पाच ते सात. वाचन पप्पाच करतात, गेटवर तापलेला आवाज आहे त्यांचा, माईक लागत नाही. तर ते रोज पावणेपाचला टीव्ही बंद करायचे, आईंच्या हाताला धरायचे आणि दुखऱ्या पायाने हळूहळू चालवत त्यांना विहारात न्यायचे. सोसायटीत सगळे म्हणायचे, बघा, बायकोला कसं जपतो.

एक महिना झाला. मी पुन्हा रक्त काढलं. जेवणानंतरची साखर दोनशे सत्तर, आधीपेक्षा जास्त.

पप्पांनी रिपोर्ट दोनदा वाचला, मग माझ्याकडे बघितलं. आधी म्हणाले, रिपोर्ट दुसऱ्या कोणाचा असेल, तुमच्या लॅबमध्ये बाटल्यांची अदलाबदल होत असेल. मी म्हटलं, नाव मीच लिहिलंय. मग ते म्हणाले, असं असेल तर माल आत येतोय. आत येतोय म्हणजे कोणीतरी आणतंय. प्रबुद्धचं काय ते त्यांनी आधीच बघितलं होतं, तो बाहेर वडापाव खाऊन यायचा पण घरात काही आणत नव्हता. राहिले कोण? मी. रोज आठ वाजता मोठी पिशवी खांद्याला लावून येणारी, आणि आईंची लाडकी.

त्या दिवसापासून पप्पा दार उघडून उंबऱ्यात उभे राहायचे आणि हात पुढे करायचे. मी पिशवी द्यायची. डबा उघडायचा, छत्री झटकायची, पैशाच्या पाकिटात काय आहे बघायचं, एप्रनची घडी मोडायची. समोरच्या चंपाकाकू दार किलकिलं करून बघायच्या. एकदा मी म्हटलं, पप्पा, मी रोज दहा लोकांना साखर खाऊ नका म्हणून सांगते, मीच आईंना चारेन का? त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, ‘तपासणीत नाराज व्हायचं नसतं. ज्याच्याकडे काही नाही त्याला कसली भीती?’

प्रबुद्धला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे ना यार, त्यांची सवय आहे ती. मला त्याचाही राग आला. मग माझ्यासुद्धा डोक्यात किडा शिरला. प्रबुद्ध इतका थंड कसा? चंपाकाकू दुपारी वाटी घेऊन येतात, त्या वाटीत नक्की काय असतं? एक दिवस मी सुटी काढून घरी बसले आणि आईंवर पाळत ठेवली. सकाळपासून पावणेपाचपर्यंत त्यांनी दोन भाकऱ्या, मेथीची भाजी आणि बिनसाखरेचा चहा, एवढंच घेतलं. चंपाकाकूंच्या वाटीत विरजण निघालं. पावणेपाचला पप्पा आईंना घेऊन खाली गेले आणि मी मूर्खासारखी स्वयंपाकघरातले दोरे तपासत बसले. आपल्याच घरात आपण चोर शोधतोय, आणि सापडावा असं मनापासून वाटतंय, याची मला लाज वाटली.

सप्टेंबरच्या मध्यावर आमची पाळी आली. विहारात वाचनानंतर रोज एकेका घराकडून अल्पोपहार असतो, हे मला ऐकून माहीत होतं. मी माहेरी मुलुंडला असताना पौर्णिमेला खीरदान व्हायचं तेवढंच बघितलेलं. इथे मी कधी पाचला घरी नसायचेच. त्या दिवशी सकाळी पप्पांनी मला यादी दिली. तीन किलो मिक्स फरसाण, चाळीस माणसांपुरती क्रीमची बिस्किटं, साबुदाण्याची खीर, साखर जरा सढळ, कारण मागच्या वेळी सोसायटीतल्या भीमराजच्या घरची खीर फिकी झाली होती. मी अर्धा दिवस टाकून सगळं घेतलं आणि चार वाजता दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरी आले. दारात उभी राहिले. पप्पांनी हात पुढे केला नाही. उलट बाजूला झाले.

‘बघायचं नाही का?’ मी विचारलं.

‘त्यात काय बघायचं? दानाचं आहे ते.’

मला तिथेच शंका आली, पण नीट कळलं नव्हतं. संध्याकाळी वाढायला मी विहारात थांबले. वाचन संपलं. पप्पा पुढे बसून ग्रंथ कापडात गुंडाळत होते, कोणी काही विचारलं तर समजावत होते. ते स्वतः बाहेर काही खात नाहीत, त्यामुळे मागे काय चाललंय तिकडे त्यांची पाठ असते. मागे बायकांच्या रांगेत आई बसल्या होत्या. त्यांनी फरसाणाची ताटली संपवली, बिस्किटं संपवली, खिरीचा द्रोण संपवला. शेजारच्या बाईंना खीर नको होती, त्यांनी आपला द्रोण सवयीने आईंच्या पुढे सरकवला. आईंनी तोही घेतला. मग माझं लक्ष आहे हे त्यांना कळलं, आणि त्यांनी पदराने तोंड पुसलं.

म्हणजे रोज. दोन महिने, रोज. पाकिटं आम्ही फेकली ती सातव्या मजल्यावरून, आणि पप्पा रोज आईंना हाताला धरून तळमजल्यावर त्या पाकिटांपाशी नेत होते.

रात्रीची भांडी घासताना मी आईंना विचारलं. मी चिडलेच होते, आवाज खाली ठेवायचा म्हणून ठेवला होता. म्हटलं, माझी पिशवी रोज दारात उलटी होत होती, तुम्ही सोफ्यावर बसून बघत होता, एकदा तरी बोलायचं. आईंनी हातातलं ताट पुसून फळीवर ठेवलं.

‘तुही पिशवी उघडत होते, तोवर माह्या द्रोणाकडे कोणाचं ध्यान नव्हतं वं,’ त्या म्हणाल्या. ‘बोटाचं भेव मलेही वाटते. पण बोट जाईन ते उद्या. फरसाण आता समोर असते.’

मला इतका राग आला होता, की मी हातातली कढई तशीच सिंकमध्ये सोडली. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला त्यांची दयाही आली, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या.

पप्पांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. ते ऐकूनच घेईनात. विहारातलं दान म्हणजे का चरणं आहे, असं म्हणाले. वर, आपलं झाकायला तू विहाराचं नाव पुढे करतेस, असंही म्हणाले. मी म्हटलं, तोंडाकडे बघू नका म्हणता ना, माझ्याकडेही बघू नका, आज ताटली बघा. आणि मी कामाला निघून गेले.

त्या संध्याकाळी पप्पांनी ग्रंथ भीमराजकडे दिला आणि घसा बसल्याचं सांगून ते मागे, चपलांच्या मांडणीजवळ जाऊन बसले. हे मला चंपाकाकूंनी सांगितलं. अल्पोपहार वाटला गेला तेव्हा बायकांच्या रांगेकडे बघत राहिले. मग उठले, आईंजवळ गेले, त्यांच्या हातातला अर्धा द्रोण घेतला आणि खाली मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिले. ओरडले नाहीत. मी आठला घरी आले तेव्हा दार उघडंच होतं आणि पप्पा गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ते काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे सोपे नव्हते. विहारात फरसाण बंद करून काकडी आणि उकडलेले हरभरे द्या, असं पप्पांनी सुचवलं तेव्हा भीमराज उखडला, दानाला पसंती असते का म्हणाला. पण रांगेतल्या निम्म्यांना साखर होती, त्यामुळे शेवटी ठरलं. आईंनी पहिला आठवडा घर डोक्यावर घेतलं. हरभऱ्यांना चव नाही, टीव्हीला आवाज नाही, सून मिठाला कंजूष. विहारातून आल्यावर त्यांची बोटं नुसती चुळबुळायची. पप्पा त्यांच्यासमोर वाटाण्याच्या शेंगांचा ढीग ठेवून स्वतःही सोलायला बसायचे. तिसऱ्या आठवड्यात एकदा आई आपणहून म्हणाल्या, की आज पाच वाजून गेले ते कळलंच नाही.

ऑक्टोबरात आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. उपाशीपोटीची साखर एकशे चौतीस होती. डॉक्टरीणबाईंनी करंगळी उलटसुलट करून बघितली. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. म्हणाल्या, बोट राहील, सध्या तरी काढत नाही. मग त्यांनी मागचे रिपोर्ट चाळले आणि जरा रागानेच विचारलं, की मधले दोन महिने साखर एवढी वर कशी गेली, घरात यांना खायला कोण देत होतं?

आई खाली बघू लागल्या. मी पप्पांकडे बघितलं. मला वाटलं, आता विहाराचं नाव निघेल, नाहीतर शेजारच्या बाईंचं, नाहीतर आईंचं. पप्पा खुर्चीत ताठ बसले.

‘मीच,’ ते म्हणाले. ‘रोज हाताला धरून न्यायचो. आणि तपासायचो ह्या पोरीला.’

डॉक्टरीणबाईंना त्यातलं काहीच कळलं नाही, त्यांनी पुढची तारीख लिहून दिली. मी पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले आणि बाकावर बसून रडले.