सासूबाईंचं आधण

घरात पीठ नसताना चुलीवर आधण चढवून निर्धास्त बसणारी बाई अख्ख्या उमरगा तालुक्यात एकच होती, आणि ती माझ्या नशिबी सासू म्हणून आली. त्या बायबलबाई होत्या, म्हणजे आसपासच्या गावांत पायी हिंडून बायाबापड्यांना प्रभूच्या गोष्टी सांगायच्या. नवरा लवकर गेलेला. चर्चच्या मागं एक खोली, एक मुलगी आणि पदरात पडेल त्यावर चाललेला संसार. पगार मिशनकडून यायचा, पण वेळेवर यायची त्याला सवय नव्हती. सासूबाईंना त्याची फिकीर नसे. संध्याकाळी त्या आधी चूल पेटवायच्या, मग आधण ठेवायच्या, मग डोळे मिटून देवाचे आभार मानायच्या आणि सगळ्यात शेवटी डब्यात काय आहे ते बघायच्या. हा क्रम उलटा आहे, असं मी एकदा धीर करून म्हणालो. त्या म्हणाल्या, "जावईबापू, पाव्हणा येणार म्हणल्यावर घर आधी झाडत्यात, का तो येऊन बसल्यावर?"

त्यांची प्रार्थनाही जगावेगळी. आमचे पाळकसाहेब "हे स्वर्गीय पित्या" म्हणून सुरुवात करत आणि बरंच वळण घेऊन मुद्द्यावर येत. सासूबाई दुकानाच्या फळीसमोर उभ्या असल्यासारख्या बोलत. "बापा, मीठ हाय. मिरच्या कालच्या हायेत. तेल न्हाय. बाकीचं तू बघ. आमेन." मग खरोखरच कधी समोरच्या कानडी आज्जी पदराखाली वाटी झाकून यायच्या, कधी गावातून कुणी मूठभर डाळ धाडायचं. आणि कधी कुणीच यायचं नाही. तेव्हा ते आधण सासूबाई मीठ घालून पिऊन टाकायच्या आणि लेकीला सांगायच्या, "मी गावात जेवून आले." लेक, म्हणजे माझी बायको, लहान होती तरी तिला ते कळायचं. एकदा ती चिडून म्हणाली होती, "आई, तुझा देव आपल्यालाच का उपाशी ठेवतो?" सासूबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "उपाशी ठेवलं, व्हय. पण एकटं न्हाय ठेवलं." मुलीचं काही त्यानं पोट भरलं नाही, पण ते वाक्य तिच्या लक्षात राहिलं.

आमचं लग्न ठरलं ते बहात्तरच्या दुष्काळात. विहिरी तळाला गेलेल्या, रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी, आणि निम्मं गाव हायवेलगत खडी फोडायला. अशा दिवसांत शहाण्या माणसानं चार नातेवाईक बोलावून चहावर भागवलं असतं. सासूबाईंनी खडीच्या कामावरच्या सगळ्या माणसांना जेवायला बोलावलं. एकेकाजवळ जाऊन, "लेकीचं लगीन हाय, दुपारच्याला यायचं" असं आग्रहानं सांगून आल्या. लग्नाच्या सकाळी आम्ही परंड्याहून पोचलो, तर मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यात आधण खळखळतंय, शेजारी मिलोच्या भाकरीची चळत आहे आणि त्या भाकरीशी खायला काही म्हणजे काही नाही.

माझे काका कडक. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "विहीणबाई, यात काय शिजतंय?"

"अजून काही न्हाय. पाणी तापतंय," सासूबाई म्हणाल्या.

"माणसं किती बोलावलीत?"

"म्या काय मोजली न्हायीत."

काकांनी मला बाजूला घेतलं. "पोरा, ही बाई चारचौघांत आपलं हसं करणार. लग्न लावतो आणि मुलगी घेऊन पहिल्या गाडीनं निघतो. जेवायला मी थांबणार नाही." नवरी आतून हे ऐकत होती. दारातून मला दिसली; मान खाली आणि डोळे भरलेले. मला वाटलं, आता सासूबाईंनी जरा तरी घाबरावं. त्यांनी पातेल्यात आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

आम्ही चर्चमध्ये जायला निघणार तोच रस्त्यावर धाडकन आवाज झाला. हैदराबादकडून सोलापूरला चाललेल्या एका ट्रकच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला आणि ट्रक चर्चसमोरच्या चारीत कलंडला. ड्रायव्हर सुखरूप बाहेर आला. ट्रकमध्ये लाल भोपळे होते. त्यातले कित्येक रस्त्यावर पडून फुटले. ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला. माल उतरवल्याशिवाय ट्रक उभा राहणार नव्हता, आणि उतरवणार कोण? त्याच वेळी लग्नाला म्हणून हातपाय धुऊन खडीवरची माणसं येत होती. सासूबाई म्हणाल्या, "आदी त्याचं बघा, मग लगीन." सगळ्यांनी मिळून भोपळे उतरवले, ट्रक ओढून सरळ केला, भोपळे रचून ठेवले. फुटलेल्या भोपळ्यांकडं बोट दाखवून ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, ये अब बाजार में कौन लेता? तुम रख लेव."

सासूबाईंनी तिथंच रस्त्यावर डोळे मिटून आभार मानले. कुणीतरी ड्रायव्हरला सगळी हकीकत सांगितली. तो कळवळून म्हणाला, "अम्मा, तुम्हारी दुआ कबूल होना बोलके मेरा पाटाच टूटना था क्या?"

सासूबाईंना ओशाळलेलं मी पाहिलं ते तेवढं एकदाच. त्या त्याचा हात धरून म्हणाल्या, "लेकरा, म्या भाजी मागितली रं. कुणाचं मोडून दे, असं न्हाय मागितलं." आणि पुन्हा डोळे मिटून त्याच्या पाट्यासाठी प्रार्थना केली. लग्न लागलं. भोपळ्याची भाजी झाली, मिलोची भाकरी होतीच. ड्रायव्हरला नवरदेवाच्या शेजारी बसवलं. काका थांबले. दोनदा भाजी मागून घेतली, आणि निघताना विहीणबाईंना वाकून नमस्कार केला.

पुढं मला सहकारी दूध संघात नोकरी लागली, आणि थकल्यावर सासूबाई आमच्याकडं राहायला आल्या. घरात दूध होतं, गहू होता, डबे भरलेले असत. मला वाटलं, आता तरी त्या सुखावतील. पण त्या बावरल्यासारख्या वागायच्या. स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उघडून बघायच्या आणि प्रार्थनेला बसल्या की अडायच्या. मीठ आहे, तेल आहे, डाळ आहे. पुढं काय बोलावं हे त्यांना सुचेना. एके संध्याकाळी त्या ओसरीवर डोळे मिटून बराच वेळ बसलेल्या दिसल्या. ओठ हलत नव्हते. मी घाबरून हाक मारली. त्यांनी शांतपणे डोळे उघडले.

"आज फार वेळ मागणं चाललं होतं," मी थट्टेनं म्हणालो.

"मागितलं काहीच न्हाय," त्या म्हणाल्या. "नुसती बसले हुते त्याच्यापाशी."

त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या. आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना अजून होते. मीही करतो, रीतसर करतो, मागायचं ते सगळं नीट मागतो. ते नुसतं बसणं मात्र मला अजून जमलेलं नाही.