आखूड होणारी तार

बापानं मुलीच्या कॉलेजात पाहुणा म्हणून जाऊ नये. गेलाच, तर हात मागे बांधून चार शब्द बोलावेत, चहा घ्यावा आणि घरी यावं. मी हात मागे बांधले नाहीत, आणि मग काय झालं ते सांगतो. तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. हसा, पण शेवटपर्यंत ऐका.

माझं काम लोखंडाचं. पुलांसाठी जे स्टील येतं, ते यंत्रात धरून ओढायचं, किती ताणलं जातं, कधी तुटतं ते बघायचं आणि पास-नापास ठरवायचं. या सगळ्याची गोडी लागली ती पनवेलच्या आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये. आता तिथंच माझी मुलगी सई अकरावीला आहे, आणि तिला फिजिक्स शिकवते सुनीता. सुनीता म्हणजे माझी तेव्हाची प्रॅक्टिकलची पार्टनर. उरणकडून एसटीनं यायची, रागावली की थेट गावच्या बोलीत सुनवायची, आणि रीडिंग घेण्यात तिचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. वजनं मी टाकायचो, रीडिंग ती घ्यायची. जोडी एकदम झकास होती.

तर एक दिवस तिचा फोन आला. म्हणाली, तार ताणायचा प्रयोग मुलांना कंटाळवाणा वाटतो, याचा बाहेर काय उपयोग असं विचारतात, तर तू येऊन करून दाखव. मी वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणालो. सईचा चेहरा उतरला. रोडपालीच्या घरून निघताना स्कूटरवर मागे बसल्या बसल्या तिनं एवढंच बजावलं, "बाबा, माझं नाव घेऊ नकोस. आणि जोक नकोत."

लॅबमध्ये पाऊल टाकलं आणि खरं सांगतो, पाय आपोआप आमच्या जुन्या टेबलाकडे वळले. स्पिरिटचा तोच वास, तीच कडा झिजलेली लाकडी टेबलं. खिडकीतून पूर्वी पळस्प्याच्या बाजूची भातशेती दिसायची, तिथं आता नुसते टॉवर. पण कोपऱ्यात छताला टांगलेल्या त्या दोन तारा तशाच होत्या. मला वाटलं, जणू माझीच वाट बघत लोंबताहेत. माणूस असा हळवा झाला की घोटाळ्याची वेळ जवळ आली असं समजावं.

प्रयोग तसा सोपा. शेजारी शेजारी दोन सारख्या तारा. एकीला वजन वाढवत जायचं, ती केसभर लांबते. दुसरी फक्त तुलनेसाठी, तिला हात लावायचा नाही. दोघींच्या मध्ये गवंडी वापरतात तशी बुडबुड्याची नळी. बुडबुडा सरकला की खालचा स्क्रू फिरवून तो परत मध्यावर आणायचा. स्क्रू किती फिरला, त्यावरून तार किती लांबली ते कळतं.

वाऱ्यानं तारा हलू नयेत म्हणून सुनीतानं पंखे बंद करायला लावले. पनवेलचा उकाडा, त्यात मी कोट घालून गेलेलो. रीडिंग घ्यायला तिनं नेमकं सईलाच पुढं बोलावलं. मी तारांच्या पलीकडे, मुलांकडे तोंड करून उभा राहिलो आणि उजव्या तारेला पहिलं वजन अडकवलं. हाताला सवयच होती ती.

सईनं आकडा सांगितला. दुसरं वजन टाकलं. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, रीडिंग कमी झालं.

मी म्हणालो, नीट बघ. तिनं नीट बघितलं. तिसऱ्या वजनाला आणखी कमी. म्हणजे वजन वाढतंय आणि तार आखूड होतेय! मी सगळ्या वर्गादेखत पोरीला ऐकवलं की डोळा सरळ रेषेत ठेवायचा असतो, घाईनं आकडे वाचायचे नसतात. मग नळीला नावं ठेवली. मग स्क्रूला. तरी तार आपली आखूडच. सुनीता मागे भिंतीला टेकून शांतपणे बघत होती. तिच्या त्या शांतपणावरून तरी मला कळायला हवं होतं की नाही?

पण पाहुण्याला "मला माहीत नाही" म्हणणं कुठं जमतं? मी एक सिद्धांतच मांडला. तार वर्षानुवर्षं लोंबत राहिली की तिच्या आत ताण साठतो, वजन मिळालं की तो मोकळा होतो आणि धातू आक्रसतो, असं काहीतरी. बोलता बोलता मला स्वतःलाच ते पटायला लागलं. मुलं भराभर लिहून घेत होती.

मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, पुलाच्या केबलचंही असंच होतं का? मी घाम पुसत म्हणालो, काही प्रमाणात, हो.

"मग सर, ट्रक गेला की पूल वर येतो का?"

मी घाईनं पुढचं वजन उचललं. सई माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, तू दुसऱ्या तारेला वजन लावतोयस."

पंखे बंद होते हो! ते कुजबुजणं शेवटच्या बाकापर्यंत गेलं. आमच्या वेळी आम्ही अलीकडून उभे राहायचो. पलीकडून माझी उजवी तार म्हणजे अलीकडून डावी, हे साधं गणित माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुलनेची तार लांबत होती, म्हणून पहिली तिच्यापुढं आखूड दिसत होती. वर्ग असा हसला की बुडबुडासुद्धा हलला. मग मीही हसलो, दुसरं करणार काय?

नंतर कँटीनमध्ये मी सुनीताला विचारलं, तुला कधी कळलं?

"पहिल्या वजनालाच."

"मग बोलली का नाहीस?"

"आरं, किती छान समजावत व्हतास तू," ती म्हणाली. "तुला मदे तोडावं, असं वाटलंच नाय बग." इतक्या वर्षांनी तिची ती बोली ऐकली आणि सगळी शरम पार विरघळली. एसटी चुकली की आम्ही इथंच बसून आकडेमोड करायचो. बराच वेळ मग तेच दिवस बोलत बसलो.

सईनं मात्र आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलणं ठेवलं. तिची तोंडी परीक्षा झाली, त्या दिवशी ती हसतच घरी आली. दुसऱ्या तुकडीच्या मॅडमनी तिला विचारलं होतं, या प्रयोगात सर्वांत महत्त्वाची काळजी कोणती? हिनं सांगितलं, वजन कोणत्या तारेला लावतोय ते आधी बघायचं. मॅडमना आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, हे पुस्तकात नाही, तुला कुणी शिकवलं?

सई म्हणाली, "कुणी शिकवलं नाही, मॅडम. घरचा अनुभव आहे."